न्या. हार्लन : एकट्याचं मत आणि त्यातला तो एक परिच्छेद

शमीवृक्ष

प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन हा अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा १८९६ चा निकाल नावाने तरी बऱ्याच जणांना माहीत असेल. लुइझियानात १८९० साली कायदा झाला की आगगाडीत गोऱ्यांचे डबे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. न्यू ऑर्लीन्सचा होमर प्लेसी हा जोडे बनवणारा कारागीर. आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच काय ती आफ्रिकी वंशाची व्यक्ती, त्यामुळे दिसायला गोराच. तिथल्या नागरिकांच्या समितीने आखलेल्या बेताप्रमाणे तो जून १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसला, आपण कोण ते सांगितलं आणि अटक करवून घेतली. सात न्यायमूर्तींनी कायदा योग्य ठरवला, एक न्यायमूर्ती सुनावणीला नव्हते. विरोधात उभे राहिले एकटे जॉन मार्शल हार्लन.

त्यांची वाक्यं आजही शपथेसारखी म्हटली जातात. कायद्याच्या नजरेत या देशात कुणी वरचा, सत्ताधारी वर्ग नाही, इथे जात नाही. आपली राज्यघटना रंगांधळी आहे. वगैरे.

मी परवा त्यांचं असहमतीचं निकालपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. थोडं पुढे गेल्यावर हे येतं : एक वंश आपल्यापेक्षा इतका वेगळा आहे की त्यातल्या लोकांना आपण नागरिक होऊ देत नाही, तो म्हणजे चिनी. आणि तरी या कायद्याने चिनी माणूस गोऱ्यांच्या डब्यात बसू शकतो, पण युनियनसाठी (यादवी युद्धातली उत्तरेची, केंद्र सरकारची बाजू) जीव धोक्यात घातलेला काळा नागरिक बसू शकत नाही!

आता हे एकाच लेखणीतून कसं उतरलं? माझं मत असं की हार्लन मोठे होते ते मनाच्या विशालतेमुळे नव्हे, तर 'नागरिक' हा शब्द त्यांनी अक्षरशः घेतला म्हणून. तो शब्द जिथे संपला तिथे त्यांची कणवही संपली. तुम्हाला काय वाटतं?

आगाऊ_कार्टं

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पाचव्या प्रतिसादाच्या आत आरक्षण येतंय की नाही, लावा पैज.

वायफळ_वकील

धागा आवडला. पण १८९६ पासून सुरुवात केलीत तर माणूस अर्धाच कळेल. थोडं मागे जाऊ.

जन्म १८३३, केंटकी. वडील वकील, व्हिग पक्षाचे राजकारणी आणि घरात गुलाम बाळगणारे. मुलाचं नाव सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्यावरून ठेवलं, म्हणजे पोराने काय व्हायचं ते बारशालाच ठरलं होतं म्हणा. १८५३ मध्ये सनद. मधल्या काळात कॅथलिक आणि परदेशातून आलेल्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या 'नो-नथिंग' चळवळीत शपथ घेऊन सामील. १८५८ मध्ये काउंटीचे न्यायाधीश, आणि सुप्रीम कोर्टात जाण्याआधीचा न्यायदानाचा अनुभव एवढाच! पुढच्याच वर्षी काँग्रेसची निवडणूक ६७ मतांनी हरले.

यादवी युद्धात युनियनच्या बाजूने पलटण उभी केली, कर्नल झाले. १८६३ मध्ये वडील गेल्यावर राजीनामा देऊन घरी आले आणि केंटकीचे ॲटर्नी जनरल झाले. इथपर्यंत ठीक. पण लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याला यांचा विरोध होता. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीलाही विरोध. स्वतःचे गुलाम सोडले ते त्या दुरुस्तीने सोडायला लावले तेव्हा. अवांतर : केंटकीने ती दुरुस्ती औपचारिकरीत्या मंजूर केली १९७६ साली. छापण्याची चूक नाही, १९७६च.

मग १८६८ च्या सुमारास गडी रिपब्लिकन झाला. गव्हर्नरपदासाठी १८७१ आणि १८७५, दोन्ही वेळा पडला. रिपब्लिकन पक्षाच्या १८७६ च्या अधिवेशनात केंटकीची मतं हेज यांच्याकडे वळवली, हेज अध्यक्ष झाले, आणि १८७७ च्या शेवटी हार्लन सुप्रीम कोर्टात. तिथे १९११ ला मरेपर्यंत, जवळजवळ ३४ वर्षं.

नीलाक्षी

वकीलसाहेब, तुम्हीच दिलेल्या सनावळीत उत्तर आहे की. केंटकीतले डेमोक्रॅट म्हणजे युद्धानंतर परत आलेली सगळी दक्षिणेची मंडळी. तिथे यांना जागा नव्हती. उरला रिपब्लिकन पक्ष, आणि त्याची मतं होती नुकते मुक्त झालेल्या काळ्या लोकांची. याला हृदयपरिवर्तन म्हणायचं की मतदारसंघ?

१८७१ च्या प्रचारात लोकांनी जुनी भाषणं काढून तोंडावर मारली तेव्हा हे म्हणाले, मी सुसंगत आहे असं म्हणण्यापेक्षा मी बरोबर आहे असं म्हटलं जाऊ दे. वाक्य झकास आहे. पक्ष बदललेल्या प्रत्येक पुढाऱ्याने पाठ करून ठेवावं इतकं झकास.

कोहळा

>>प्रत्येक पुढाऱ्याने पाठ करून ठेवावं

आमच्याकडचे पाठ न करताच म्हणतात हो ताई.

वायफळ_वकील

@नीलाक्षी, संधीसाधूपणा होता हे मान्य करू. पण संधीसाधू माणूस खुर्ची मिळाल्यावर गप्प बसतो. यांची नेमणूक तहहयात होती, मतं मागायची नव्हती, आणि तेव्हापासूनच ते एकटे पडायला लागले. ते कसं बसवाल?

शिवाय केंटकीत तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीचे लोक रात्री घरांतून माणसं ओढून काढत होते. ते डोळ्यांदेखत चाललेलं असताना बदललेला माणूस आणि तिकिटासाठी बदललेला माणूस एकच असू शकतो. एका माणसाला दोन कारणं असायला बंदी नाही.

सुलभाताई

दौतीची गोष्ट कुणीच कशी सांगितली नाही? मग मी सांगते.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी लिहिलं होतं की काळ्या माणसाला गोऱ्याने मानावा असा कुठलाही हक्क नाही. तो निकाल ज्या दौतीतल्या शाईने लिहिला ती दौत पुढे हार्लन यांच्या हाती आली. त्यांना जुन्या वस्तूंची हौस. एकदा टॅनींच्या नात्यातल्या एका बाईंनी ती पाहिली, आणि यांनी भिडेखातर देऊन टाकतो म्हणून सांगितलं. पत्नी मॅल्विना हुशार. तिने दौत गुपचूप लपवून ठेवली. हे शोधतायत, सापडत नाही, बाईंना दिलगिरी कळवली.

पुढे १८८३. थिएटर, सराई, आगगाडी अशा ठिकाणी वंशावरून मज्जाव करू नये असा १८७५ चा कायदा होता. पाच खटले एकत्र करून कोर्टाने तो ८ विरुद्ध १ ने रद्द केला. विरोधातले एक हेच. पण असहमती लिहायला बसले तर लिहिताच येईना. रात्र रात्र झोप नाही, येरझाऱ्या. तेव्हा एका रविवारी हे चर्चला गेलेले असताना मॅल्विनाने लपवलेली दौत काढली, घासूनपुसून लखलखीत केली, शाई भरली, टेबलावरच्या बाकीच्या दौती उचलल्या आणि ही मधोमध ठेवली. हे परत आले, तिने सांगितलं टेबलावर काय आहे ते. त्यानंतर म्हणे लेखणी थांबली नाही.

बाईंनी हे सगळं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. ते बाड कित्येक वर्षं कागदपत्रांत पडून होतं. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी पाठपुरावा केला तेव्हा कुठे छापलं गेलं.

कोहळा

काकूंना साष्टांग दंडवत. मॅल्विनाकाकूंनाही.

आगाऊ_कार्टं

आमच्याकडे लपवून ठेवलेली वस्तू पुन्हा सापडतच नाही, निकाल राहिला बाजूला.

चिंचपोकळीकर

घटना रंगांधळी असावी हे तर उत्तमच. मग तेच वाक्य घेऊन सांगायला हवं की प्रवेशात, नोकरीत कुणालाच वंश किंवा जात विचारू नका. २०२३ मध्ये वंश बघून प्रवेश देणं सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, त्या हार्वर्डच्या निकालात हार्लन यांचंच वाक्य आधाराला घेतलं गेलं. मला त्यात काही चूक दिसत नाही.

आगाऊ_कार्टं

पाचव्याच्या आत नाही आलं. पैज हरलो. :)

नीलाक्षी

@चिंचपोकळीकर, त्या प्रसिद्ध वाक्याच्या दोनचार ओळी आधी काय आहे ते वाचलंत का? गोरा वंश स्वतःला या देशात वरचढ मानतो आणि तो आहेच, प्रतिष्ठेत, शिक्षणात, संपत्तीत, सत्तेत. आपला वारसा जपला तर तो कायम तसाच राहील याबद्दल मला शंका नाही. हे लिहून मग पुढे म्हणतात, पण कायद्याच्या नजरेत...

म्हणजे समाजात उतरंड राहणार हे गृहीत धरून फक्त सरकारने त्यावर शिक्का मारू नये, एवढंच म्हणणं. त्याच निकालात न्या. सोटोमायोर यांनीही हार्लन वाचले होते, आणि उलट बाजूने. एका वाक्यावर घर बांधायचं तर पायाही बघा.

आणि रंगांधळा हा शब्दही त्यांचा एकट्याचा नाही. प्लेसीचे वकील ॲल्बियन टूर्जे यांनी आपल्या लेखी युक्तिवादात लिहिलं होतं की न्यायदेवता आंधळी दाखवतात, तर तिची मुलगी म्हणजे कायदा, तो निदान रंगांधळा तरी असावा. टूर्जे मात्र कुणालाच आठवत नाहीत.

वायफळ_वकील

आरक्षणासाठी वेगळा धागा काढा ही नम्र विनंती. हा धागा बरा चाललाय, त्याचं पानिपत करू नका.

नीलाक्षी

बरं. मूळ मुद्द्यावर येते. शमीवृक्ष म्हणतात 'नागरिक' शब्द संपला तिथे हार्लन संपले. मला ते पटत नाही, कारण शब्द असूनही ते संपले.

१८९८, वाँग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला चिनी आईबापांचा मुलगा. चौदाव्या दुरुस्तीचा मजकूर असा की अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारकक्षेतल्या सर्व व्यक्ती नागरिक. सर्व. कोर्टाने ६ विरुद्ध २ ने त्याला नागरिक मानलं. विरोधातल्या दोघांत एक सरन्यायाधीश फुलर आणि दुसरे तुमचे हार्लन.

१८९९, कमिंग खटला. जॉर्जियात ऑगस्टा इथलं काळ्या मुलांचं हायस्कूल शिक्षण मंडळाने बंद केलं. कारण काय, तर पैसा नाही, आणि ती जागा काळ्याच लहान मुलांच्या प्राथमिक शाळेला हवी. गोऱ्या मुलींचं हायस्कूल मात्र चालू. इथे सगळे नागरिक होते ना? निकाल एकमताने, मंडळाच्या बाजूने, आणि लिहिणारे हार्लन. प्लेसीनंतर तीन वर्षांनी! वेगळं ठेवा पण समान ठेवा, एवढी प्लेसीतल्या सात जणांची अटसुद्धा त्यांनी इथे लावून धरली नाही.

वायफळ_वकील

कमिंगबद्दल थोडा बचाव. पालकांच्या वकिलांनी वेगळ्या शाळांनाच आव्हान दिलं नव्हतं. मागितलं काय, तर गोऱ्यांच्या हायस्कूलचा पैसा थांबवा. हार्लन म्हणाले, त्याने काळ्या मुलांना शाळा मिळणार नाही, फक्त गोऱ्यांची जाईल. कोर्टात जे मागता तेच मिळतं किंवा नाकारलं जातं.

वाँग किम आर्कला बचाव नाही. तिथे मी गप्प.

नीलाक्षी

तांत्रिक बचाव आहे, ठीक. पण १८८३ मध्ये हेच गृहस्थ म्हणत होते की बाकीच्या न्यायमूर्तींनी शब्दांचा कीस पाडून दुरुस्तीचा आत्मा मारला. स्वतःची पाळी आली तेव्हा कीसच पाडला.

टेनेसीचा_तात्या

चॅटनूगाजवळ राहतो म्हणून लिहितो. इथला वॉलनट स्ट्रीट पूल आता फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. संध्याकाळी लोक कुत्री फिरवतात, पोरं आइस्क्रीम खातात. मार्च १९०६ मध्ये याच पुलावर एड जॉन्सनला फाशी दिलं जमावाने.

जॉन्सन हा काळा तरुण. गोऱ्या बाईवर बलात्कार केल्याचा आरोप. धड ओळख पटलेली नसताना काही दिवसांत खटला उरकला, मृत्युदंड. नोआ पार्डन हे काळे वकील इथून गाडीत बसून वॉशिंग्टनला गेले आणि हार्लन यांना भेटले, कारण टेनेसी ज्या सर्किटमध्ये येतं त्याची जबाबदारी हार्लन यांच्याकडे. हार्लन यांनी ऐकून घेतलं. सुप्रीम कोर्टाने अपील दाखल करून घेतलं, फाशी थांबवली. तार आली. त्याच रात्री तुरुंगावर जवळजवळ पहारा नव्हता. जमावाने दार फोडलं, जॉन्सनला पुलावर नेलं. प्रेतावर चिठ्ठी टाचली होती ती हार्लन यांच्याच नावाने : आता या आणि घेऊन जा तुमचा माणूस. 'माणूस' हा शब्द माझा आहे, तिथे शिवी होती.

पुढे जे झालं ते अमेरिकेच्या इतिहासात एकदाच. सुप्रीम कोर्टाने स्वतः फौजदारी खटला चालवला, कोर्टाच्या अवमानाचा, शेरीफ शिप आणि इतरांवर. १९०९ मध्ये दोषी. शिक्षा? शिपला ९० दिवस. सुटून परत आला तेव्हा गावाने मिरवून घेतलं. पार्डन यांना मात्र गाव कायमचं सोडावं लागलं.

जॉन्सनवरचा दोष इथल्या स्थानिक कोर्टाने २००० साली पुसला. पुलाशी स्मारक झालंय २०२१ मध्ये. त्याच्या थडग्यावर त्याचेच शेवटचे शब्द कोरलेत, देव तुम्हा सगळ्यांचं भलं करो, मी निर्दोष आहे. कुणी इकडे आलात तर नक्की पाहा, मी घेऊन जाईन.

शाळेचा निकाल वाचून नीलाक्षीताईंना राग आला, बरोबरच आहे. पण त्या काळात एका काळ्या वकिलाने नऊ जणांपैकी कुणाकडे जावं, तर ते हेच दार होतं.

कोहळा

तात्या, शहारा आला.

गोदाकाठ

एक आपल्याकडचा धागा जोडतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल. बरोबर दहा वर्षांनी, जोतीराव हयात असतानाच, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सुलभाताईंनी सांगितलेला तो कायदा रद्द केला. न्या. ब्रॅडली यांनी बहुमताच्या निकालात लिहिलं की पूर्वीच्या गुलामाने कायद्याचा खास लाडका असणं कधीतरी थांबायला हवं. गुलामगिरी संपून तेव्हा उणीपुरी अठरा वर्षं झाली होती! हार्लन यांनी उत्तर दिलं की त्यांना कायद्याचे लाडके म्हणणं न्यायाला धरून नाही.

'खास लाडके' हा युक्तिवाद किती जुना आहे बघा. (वकीलसाहेब, आरक्षणावर बोलत नाहीये, शपथ.)

आणि तो चिन्यांचा परिच्छेद वाचताना अमेरिकेतल्या मंडळींनी हेही आठवावं : १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या अमेरिकी सैन्यात राहिलेल्या पंजाबी माणसाला याच कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस, सबब नागरिक होऊ शकत नाहीस. तेही एकमताने. हार्लन तेव्हा हयात नव्हते, असते तर त्यांचं मत कुठे पडलं असतं याची मला तरी खात्री देता येणार नाही. भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं १९४६ मध्ये.

आगाऊ_कार्टं

कोविडमध्ये लस सक्तीची करता येते की नाही यावर व्हॉट्सॲपवर भांडताना आमचे एक काका सतत 'जेकबसन, जेकबसन' करायचे. तो निकाल यांचाच का?

वायफळ_वकील

हो, यांचाच. जेकबसन विरुद्ध मॅसेच्युसेट्स, १९०५. देवीची लस टोचून घ्यायला एका पाद्र्याने नकार दिला, ५ डॉलर दंड झाला, तो वर लढत आला. हार्लन म्हणाले, दंड बरोबर.

त्याच वर्षी लॉकनर. बेकरी कामगारांचे तास आठवड्याला ६० पर्यंत मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा कोर्टाने रद्द केला, तिथे हे विरोधात. १८९५ मध्ये आयकर रद्द केला, तिथेही विरोधात. यांच्या असहमतींपैकी बऱ्याच पुढे कायदा झाल्या. आयकराची तर १९१३ मध्ये घटनादुरुस्तीच झाली.

कोहळा

आयकराला पाठिंबा? आता मात्र माझ्या मनातून उतरले.

चिंचपोकळीकर

आरक्षणावर नाही, दुसऱ्या मुद्द्यावर. एकट्याने उभं राहणं म्हटलं की मला न्या. ह. रा. खन्ना आठवतात. १९७६, आणीबाणी, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का हा जबलपूर खटला, येत नाही असा निकाल चार विरुद्ध एक. बहुमतात आपले न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी तो निकाल चुकीचा होता असं निकालपत्रातच लिहिलं. खन्नांना किंमत मोजावी लागली, सरन्यायाधीशपद हुकलं. हार्लन यांना काय मोजावं लागलं? ३४ वर्षं आरामात काढली, नातूही पुढे त्याच कोर्टात न्यायमूर्ती झाला.

सुलभाताई

हे मात्र पटलं.

टेनेसीचा_तात्या

खन्नांची तोड नाहीच. पण प्लेसीचा निकाल लागला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखलही घेतली नाही. लोक टाळ्या वाजवणार नाहीत, कुणी शिव्याही देणार नाही, कुणी वाचेल की नाही तेही ठाऊक नाही, अशा वेळी पानंच्या पानं लिहायची, यालाही काहीतरी लागतंच. वाचणारा भेटला फार उशिरा. थर्गुड मार्शल हे काळे वकील शाळांतल्या भेदभावाचे खटले लढवत होते, तेव्हा खचल्यासारखं झालं की हीच असहमती मोठ्याने वाचायचे, असं त्यांच्या सहकारी वकील कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी सांगितलंय. १९५४ मध्ये ते जिंकले.

शमीवृक्ष

सगळ्यांचे आभार, विशेषतः तात्यांचे.

नीलाक्षी, वाँग किम आर्क समोर ठेवून विचार केला तर 'नागरिक' शब्दापेक्षा युद्ध हे जास्त चांगलं उत्तर वाटतं. त्या परिच्छेदातच बघा, काळ्या माणसाचा उल्लेख कसा येतो? युनियनसाठी जीव धोक्यात घातलेला. हार्लन स्वतः त्या युद्धातले कर्नल. त्यांच्या हिशोबी युद्धानंतरच्या तिन्ही दुरुस्त्या (तेरावी, चौदावी, पंधरावी) म्हणजे रक्ताने केलेला करार, आणि ज्यांनी रक्त सांडलं त्यांच्याशी तो पाळायचा. ज्याला सुरुवातीला विरोध केला तोच करार, एकदा सही झाल्यावर मोडू द्यायचा नाही, असा हा जुन्या वळणाचा माणूस. चिनी त्या करारात नव्हते, म्हणून त्यांच्याबाबतीत नो-नथिंगवाला तरुण हार्लन तसाच शिल्लक राहिला.

नीलाक्षी

हे आधीच्यापेक्षा बरंच बरं आहे. तरी ऑगस्टाची मुलं उरतातच. युनियनच्या सैन्यात लढलेल्यांची नातवंडंही असतील त्यांच्यात.

शमीवृक्ष

उरतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही, वकीलसाहेबांकडे फक्त अर्ज चुकीचा लिहिला होता हे उत्तर आहे.

वायफळ_वकील

अर्ज नीट लिहा, हे मी अशिलांना रोज सांगतो. कुणी ऐकत नाही.

गोदाकाठ

शमीवृक्ष, ज्यांच्या जागी हार्लन आले त्या डेव्हिड डेव्हिसवर लिहा ना. लिंकनचा जिवलग मित्र, इलिनॉयमधला सर्किट जज्ज. १८७७ मध्ये अध्यक्ष कोण हे ठरवणाऱ्या आयोगात पंधरावा माणूस म्हणून सगळ्यांची भिस्त यांच्यावर, आणि नेमके तेव्हाच हे गृहस्थ सिनेटवर निवडून जाऊन कोर्टाचा राजीनामा देतात. ते घडलं नसतं तर ना हेज अध्यक्ष झाले असते कदाचित, ना हार्लन न्यायमूर्ती.

शमीवृक्ष

घेतो लिहायला. दिवाळी झाल्यावर.

आगाऊ_कार्टं

कुठल्या वर्षीची ते पण लिहा.